आमदाराची पहिली बहीण

साळूबाईच्या ओसरीवर एकदा काका-पुतण्याचं भांडण जुंपलं. ती आत चुलीपुढं बसलेली, हात कण्या घाटत होते अन् कान ओसरीवर होते. तेव्हा ती तिशीच्या आतबाहेर असेल. पुतण्या म्हणजे अंगद. पोरगेलं वय, झेडपीला पहिल्यांदा उभा राहिलेला, फटफटीवर गावोगाव हिंडून तापानं फणफणलेला. साळूबाईच्या मालकानं त्याला रस्त्यावरून धरून आणला अन् बाजेवर निजवला. काका म्हणजे काकासाहेब. पक्षातला जुना माणूस, धोतराचा सोगा हातात धरून बोलायची सवय. तो जीप घेऊन पुतण्याला न्यायला आलेला.

"घरोघर हिंडायची काय गरज होती तुला?" काकासाहेब तडकला. "लोक निशाणी बघतात अन् शिक्का हाणतात. तुझं तोंड कोण बघून राह्यलंय?"

"काका, निशाणी मुंबईहून येती अन् मुंबईलाच वापस जाती," अंगद गोधडीतून म्हणाला. "तोंड इथंच ऱ्हातंय. माणसाला नावानं हाक मारली ना, तर माणूस निशाणी इसरतो."

"मंग मार हाका! मेलास तर निशाणी दुसऱ्याला देऊ, तिला काय ताप येत न्हाई."

साळूबाईला हसू आलं. तिनं पितळीत गरम कण्या वाढल्या, वर ताक ओतलं, मिठाचा खडा कुस्करला अन् बाहेर आली. "भांडण मागून करा. मत कोणालाबी पडंना का, आधी एवढं पोटात जाऊ द्या."

अंगदनं दोन पितळ्या खाल्ल्या. घाम फुटला, ताप उतरला. दिवस कलायला उठून बसला अन् म्हणाला, "ताई, मला सख्खी बहीण न्हाई. ह्या भाऊबीजेला तुमच्याकडं येतो."

असं म्हणणारे पुष्कळ असतात. हा खरंच आला. निवडून आला होता, तरीही आला. फटफटीवर आला, पाटावर बसला, ताटात लुगडं ठेवलं अन् जेवून गेला. पुढच्या वर्षी जीप आली. मग अंगद आमदार झाला, सगळ्या तालुक्याचा अंगदभाऊ झाला, अन् गाडी एवढी पांढरी अन् एवढी मोठी झाली की गल्लीत वळेना. तरी ती भाऊबीजेला साळूबाईच्या दारात यायची म्हणजे यायची. मधे दोनदा त्याची निशाणी बदलली. साळूबाईच्या ताटातला दिवा काही बदलला नाही.

साळूबाई चौथीत शाळा सोडलेली, केदारखेड्याच्या अलीकडल्या लहानशा गावात नांदायला आलेली, दोन म्हशी अन् थोडी कोरडवाहू एवढाच पसारा. पण भोकरदनच्या बाजारला निघाली की कंडक्टर म्हणायचा, "सरका हो, आमदाराची बहीण हाय." ती नको नको म्हणायची अन् बसायची. तिचे मालक तेवढे चिडवायचे. "तुझा भाऊ आमदार, अन् आपली डीपी जळून महिना झाला. भावाला म्हणावं, लुगडं नको, तार पाठव." साळूबाई म्हणायची, "भावाकडं काम सांगायचं नसतं. काम सांगितलं की भाऊ ऱ्हात न्हाई, पुढारी होतो."

ही तिची अक्कल. अन् ती खरी होती, पण तिच्या बदल्यात तिला एक गोष्ट हवी होती. भाऊबीजेच्या दिवशी सगळ्या गावानं बघावं की ती गाडी कुठल्या दारात थांबते. बाकी काही नको.

ह्या गाडीपायी तिनं आपल्या पाठच्या भावाला मात्र शिळं केलं. कल्याण त्याचं नाव. कुंभार पिंपळगावला राहायचा, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. जालन्याला गाडी बदलून बहिणीकडं यायचा. पहिल्याच वर्षी तिनं त्याला निरोप धाडला, "बीजेला गर्दी असती रे, तू दुसऱ्या दिवशी ये. निवांत बोलू." कल्याण दुसऱ्या दिवशी आला अन् पुढं दरवर्षी दुसऱ्याच दिवशी येत राहिला. पाटावर बसताना म्हणायचा, "आमदाराचं उष्टं झालं का? आता सख्ख्याला वाढ." साळूबाई त्याच्या पाठीत धपाटा घालायची. धपाटा हसत घालायची, पण दिवस काही बदलून द्यायची नाही.

इलेक्शन आलं की साळूबाईचं एक काम ठरलेलं. मतदानाच्या सकाळी गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्या बायांना घरोघर जाऊन गोळा करायचं अन् शाळेपर्यंत न्यायचं. कोणी सांगितलेलं नाही, कोणी चहा पाजलेला नाही. भावाचं काम, म्हणून करायचं. सोनूबाईच्या डोळ्यात वडस वाढलेला, तिचा हात धरायचा. शिवकन्याचे गुडघे धरलेले, तिच्यासाठी मधे थांबायचं. आपल्यामागं ही ओळ चालली की साळूबाईची मान जराशी ताठ व्हायची. ही सगळी मतं आपल्यापायी भावाला पडतात, अशी तिची पक्की समजूत होती.

आता चतुराबाईचं सांगावं लागतं.

चतुराबाई म्हणजे साळूबाईची धाकटी जाऊ. दोन्ही घरांच्या मधे एकच भिंत. त्या भिंतीला चुलीच्या उंचीवर एक वीट काढलेली होती, त्यातून पूर्वी विस्तव अन् कालवणाची वाटी इकडून तिकडं जायची. मग चतुराबाईच्या घरी गॅस आला, अंगणात फरशी आली, अन् ती बचत गटाची अध्यक्ष झाली. एका गटाची झाली, मग आसपासच्या सगळ्या गटांची झाली. माईकपुढं उभी राहून "माझ्या भगिनींनो" म्हणायला लागली. साळूबाई तिच्या माघारी म्हणायची, "घरात जावेला 'आक्का' म्हणताना जीभ जड होती, अन् माईकवर साऱ्या तालुक्याच्या भगिनी!"

तरी एवढं ती पचवत होती. फरशीचं अंगण तिचं, माईक तिचा, असू दे. गाडी तर माझ्या दारात थांबते.

मागल्या इलेक्शनीला दिवाळी अन् प्रचार एकाच वेळी आले. वसुबारसेला कडूबा आला. कडूबा म्हणजे अंगदभाऊचा गावातला माणूस. सभा लाव, खुर्च्या मांड, कोण मेलं, कोणाचं लगीन आहे ते भाऊच्या कानावर घाल, हे त्याचं काम. तो ओसरीच्या खालीच उभा राहून म्हणाला, "साळूबाई, यंदा भाऊची गाडी चतुराबाईकडं थांबवायची ठरलीय. बचत गटाच्या समद्या बाया तिथंच जमणार. अंगणबी मोठं हाय."

साळूबाई म्हशीला सरकी घालत होती. तिचा हात टोपल्यातच राहिला. "अन् माझ्याकडं?"

"जाताजाता येतीलच की."

"जाताजाता भिकारी येतो, कडूबा. भाऊ न्हाई येत."

कडूबानं डोकं खाजवलं. "बाई, आचारसंहिता लागलीय. कॅमेरा घेऊन पथक मागं फिरून राह्यलंय. ताटात रुपायाबी टाकायची चोरी. मंग नुसतं ओवाळायलाच हाय, ते एकाच जागी जल्दी उरकलं तर..."

"उरकलं?" साळूबाई म्हणाली. "मेल्या, बीज उरकायची असती का?"

त्या चार दिवसांत साळूबाईनं काय काय केलं ते तिलाच ठाऊक. चतुराबाईच्या अंगणात मांडव पडला तर ती म्हणाली, हिच्या पोरीच्या लग्नाला एवढा नव्हता. चतुराबाईनं करंज्या तळल्या तर वास घेऊन म्हणाली, तेल कालचंच आहे. चतुराबाईच्या दारापुढली रांगोळी बघून म्हणाली, मोराला पाय काढायचे राहिले. अन् रांगोळीतल्या मोराला पाय नसतात, हे तिलाही माहीत होतं.

बीजेच्या दिवशी तिनं आपलं ताट मात्र मांडून ठेवलं. दिवा, सुपारी, अक्षता. भाऊ आहे तो, त्याला घर माहीत आहे, कडूबाला नसेल पटत. तिनं पाट टाकला, पाटाभोवती रांगोळी काढली अन् उंबऱ्यात बसली.

दुपारी गाडी आली. उंबऱ्यातून तिला गाडीचं नाक दिसलं, मग शेपूट दिसलं. गाडी पुढं गेली अन् चतुराबाईच्या दारात थांबली. हलगी वाजली. साळूबाई उठली, चुलीपाशी गेली अन् भिंतीतल्या त्या विटेच्या जागेला डोळा लावला.

चतुराबाई भरजरी लुगडं नेसलेली. अंगदभाऊ पाटावर बसला. आता त्याचे केस पांढरे झालेले, वर काळे केलेले. चतुराबाईनं ओवाळलं. फोन वर धरलेल्या बायांचे हातच हात. मग अंगदभाऊ उभा राहिला, माईक घेतला, चतुराबाईच्या डोक्यावर हात ठेवला अन् बोलायला लागला.

"माझ्या बहिणींनो, आचारसंहिता हाय, आज तुमचा भाऊ रिकाम्या हाती आलाय. पण मी पहिल्यांदा ह्या गावात आल्तो तवाबी रिकामाच होतो. तापानं फणफणलो होतो. पक्षाचं कोणी विचारीना. तवा ह्या घरानं मला बाज दिली. ह्या माझ्या बहिणीनं आपल्या हातानं कण्या शिजवून मला भरवल्या. त्या कण्यांवर आज आमदार उभा हाय! हीच ती माझी पहिली बहीण!"

टाळ्या पडल्या. सोनूबाईनं टाळ्या वाजवल्या, शिवकन्यानं वाजवल्या. त्या अंगणात एकही बाई अशी नव्हती की जिला ठाऊक नव्हतं, की अंगदला ताप आला तेव्हा चतुराबाईचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. ती जाफराबादकडं माहेरी शेळ्यांमागं फिरत होती. अन् चतुराबाईनं काय केलं? मान खाली घातली, पदर सावरला, अन् लाजली. नव्या नवरीसारखी लाजली!

साळूबाईला वाटलं, कोणीतरी चुलीतलं लाकूड ओढून काळजाला लावलं. गाडी गेली असती तर चाललं असतं. लुगडं गेलं असतं तर चाललं असतं. तिच्या कण्या गेल्या.

अंगदभाऊ जाताजाता तिच्या दारावरूनच गेला. काच खाली झाली, आतून हात जोडले गेले, "येतो, मावशी!" असं कोणीतरी म्हणालं, बहुतेक तोच. गाडी गल्लीतून बाहेर पडली. ताटातला दिवा तोवर तेल संपून विझला होता.

गर्दी पांगल्यावर साळूबाई भिंतीपाशी गेली. "चतुरे, ए चतुरे!"

"काय आक्का?"

"कण्या कवा शिजवल्या गं तू?"

पलीकडं जरा वेळ भांड्यांचा आवाज झाला. "मी म्हणलं का शिजवल्या म्हणून? त्यो म्हणला."

"अन् तू मान डोलावली."

"मान न्हाई डोलावली. पदर सरकून राह्यलता."

"तोंड होतं ना तुला? माईकवर तर लई चालतं. म्हणायचं, भाऊ, ही मी न्हाई, ती पल्याडली."

"एवढ्या बायांम्होरं आमदाराला खोटं पाडू? पथक शूटिंग करून राह्यलं होतं, आक्का! अन् घर तर एकच हाय ना आपलं."

"एक घर? फरशी तुझ्याकडं, माती माझ्याकडं, अन् कण्या शिजायच्या वक्ताला एक घर?"

"बाई, तुमच्या कण्यांला काय मोती लागलेत का? ज्वारीच्याच होत्या ना?"

साळूबाईनं कोपऱ्यातली गोणपाटाची चिंधी घेतली अन् विटेच्या भोकात कोंबली.

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणं कल्याण आला. हातपाय धुतले, पाटावर बसला अन् म्हणाला, "आमदाराचं उष्टं झालं का?"

साळूबाईला रडू फुटलं. मग तिनं त्याला सगळं सांगितलं. गाडी, मांडव, हलगी, कण्या. कल्याण ऐकता ऐकता एकदम हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

"हसतोस काय मुडद्या?"

"अगं, तुझ्या ह्या भावाचं भाषण मी फोनवर ऐकलंय. आमच्या जावयानं धाडलं होतं. ते ह्या गावातलं न्हाई, पार दुसऱ्याच गावातलं हाय. तिथंबी त्याला ताप आल्ता. तिथंबी एका बहिणीनं कण्या भरवल्या. तिथंबी तीच पहिली बहीण." कल्याणनं डोळे पुसले. "मी म्हणलं, एवढ्या गावात ताप आलेला माणूस जित्ता कसा ऱ्हायला?"

साळूबाई ताट वाढायला लागली.

"आमच्या भागातला आमदार म्हणतो, त्यानं एका म्हातारीच्या घरी पिठलं खाल्लं. एकेकाचं एकेक ठरलेलं असतं. तुझ्यावाल्याच्या कण्या हायत. बरं हाय, तुझ्या कण्या तालुकाभर शिजून राह्यल्यात."

"पण खाल्ल्या तर माझ्याच होत्या," साळूबाई म्हणाली.

"तुझ्याच होत्या. म्हणून तर चव इसरंना त्यो." कल्याणनं ताट पुढं ओढलं. मग न हसता म्हणाला, "आक्का, तीस वर्सं झाली, मी शिळ्या बीजेला येतो. मलाबी कधी ताप आल्ता. तू आली न्हाईस."

साळूबाईनं दिव्यात तेल घातलं. तिनं त्याला दोनदा ओवाळलं. 

कल्याण गेल्यावर मात्र तिच्या डोक्यात दुसराच भुंगा शिरला. कण्या गेल्या तर गेल्या. मतं तर माझीच आहेत ना? तीस वर्षं गल्लीतल्या बाया माझ्यामागं शाळेत जातात. ह्या बारीला मी निघालेच नाही, तर बघू दे त्याला अन् त्या चतुरीला, पहिली बहीण कोण ते. पेटीतनं कळेल.

आपलं हत्यार किती धारेचं आहे ते बघायला ती सोनूबाईकडं गेली. सोनूबाई उन्हात लसूण सोलत होती.

"सोनूबाई, आजवर तू मत कोणाला दिलं?"

"मला काय दिसतंय बाई? आमच्या घरची निशाणी ठरलेली. सासऱ्यापासून. वरून कितवं बटन ते पोरगं सांगून ठेवतं, बोटानं मोजते अन् दाबते."

"म्हंजी अंगदभाऊला?"

"अंगदभाऊ त्या निशाणीवर असंल तर त्याला. नसंल तर न्हाई. दोनदा नव्हता न्हवं?"

साळूबाई तिच्यापुढं खाली टेकली. "अन् मी तुला हाताला धरून नेत होते ते?"

"ते तू चांगलं करतीस बाई," सोनूबाई म्हणाली अन् लसणाची साल फुंकली.

साळूबाई शिवकन्याकडं गेली. शिवकन्या म्हणाली, "मी तर अंगदभाऊलाच देते. निशाणी कोणतीबी असू दे." साळूबाईचा चेहरा उजळला. शिवकन्या पुढं म्हणाली, "आमचे मालक गेले तवा दहाव्याला आल्ता. मातीत मांडी घालून बसला. पोराला जवळ घेतलं. सख्खा दीर आला न्हाई, पण त्यो आल्ता. तेवढ्यापायी देते."

"माझ्यापायी न्हाई?"

"तुझ्यापायी कशाला? तू थोडीच उभी होतीस."

घरी येताना साळूबाईला काकासाहेबाचं अन् अंगदचं भांडण आठवलं असेल का, कोण जाणे. एकीनं काकासाहेबाचं खरं केलं होतं, दुसरीनं अंगदचं. साळूबाईच्या वाटणीला दोन्हीकडून काही आलं नव्हतं. आता तिला चतुराबाईचाच हेवा वाटत होता असं नाही. शिवकन्याच्या मेलेल्या नवऱ्याचासुद्धा वाटत होता. त्याच्या दहाव्यानं एक मत तरी फिरवलं होतं. तिच्या जित्या चालण्यानं काहीच नाही.

तरी हट्ट तो हट्ट. तिनं मालकांना सांगून टाकलं, "ह्या मतदानाला मी गल्लीत निघणार न्हाई. म्हैस धुणार."

निकालाचं आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे जीव टांगणीला राहत नाही. अंगदभाऊ निवडून आला. गुलाल उधळला, डीजे वाजला. कडूबा पेढे घेऊन आला तेव्हा साळूबाईनं विचारलं, "आपल्या गावात किती वाढली?" कडूबा म्हणाला, "ना वाढली, ना घटली. एवढा मांडव घातला, एवढ्या बाया जमवल्या, अन् मतं मागल्या बारीएवढीच. दोन-चार इकडची तिकडं, दोन-चार तिकडची इकडं. भाऊ म्हणले, ह्या गावाचं काही कळत न्हाई."

"त्या दोन-चारात माझं कुठं गेलं ते हुडका म्हणावं," साळूबाई म्हणाली, अन् पेढा म्हशीच्या घमेल्यात टाकला.

पुढच्या उन्हाळ्यात साळूबाई गेली. दोन दिवस अंगात कणकण होती, तिसऱ्या दिवशी उठलीच नाही. दहाव्याला अंगदभाऊ आला. कोणाच्याही दहाव्याला येतो, तसा आला. मातीत मांडी घालून बसला. कडूबा त्याच्या कानाला लागला. मग त्यानं ती गोष्ट सांगितली. ताप, बाज, कण्या, पहिली बहीण. फिरत फिरत ती गोष्ट एकदाची बरोबर घरी आली, पण ऐकायला घरात साळूबाई नव्हती. बायांच्या मागून चतुराबाई मोठ्यानं म्हणाली, "वर ताक होतं. ताक सांगायचं ऱ्हायलं." अंगदभाऊनं मान हलवली. पुढच्या गावात त्यानं ताक घातलं असेल.

पण मतदानाच्या दिवसाचं सांगायचं राहिलंच. गल्लीत साळूबाईची ती शेवटची फेरी.

त्या सकाळी साळूबाईनं ठरल्याप्रमाणं म्हैस धुवायला काढली. गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली बाया आपल्या आपण जमल्या. चतुराबाई नवं लुगडं नेसून पुढं उभी. "चला गं, ऊन व्हायच्या आत उरकू."

कोणी हललं नाही.

"साळू कुठंय?" सोनूबाईनं काठी आपटत विचारलं.

"आक्का येत न्हाई. तिला काम हाय."

"मंग थांबू की. शाळा काय पळून चाललीय?"

"अहो मी नेते ना!"

"तू नेशील बाई, पण तू भराभरा चालतीस. अन् साळूच्या बटव्यात सुपारी असती."

"सुपारी मीबी देते की!"

"तुझी खांडं असतात. मला दात कुठंयत? ती माझ्यासाठी बारीक कातरून आणती."

म्हशीच्या पलीकडं साळूबाईनं हे सगळं ऐकलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या छातीतला निखारा जरा विझल्यासारखा झाला. लगेच उठावं असं तिला वाटलं. पण ती उठली नाही. तिनं म्हशीची शेपटी धुतली. शेपटीचा गोंडा धुतला. गोंड्यातला एकेक गोखरू काढला.

शेवटी चतुराबाई दारात आली. "आक्का, चला. बाया हलंनात."

"तू हायस की पुढारीण."

"पुढारीण हाय, पण मागं कोणी यायला नको का?" चतुराबाई दाराच्या चौकटीला टेकली. तोंड उतरलेलं. "इतक्या बाया माझ्या अंगणात टाळ्या वाजवतात, अन् शाळेपतोर माझ्यामागं येत न्हाईत. तुमच्यात काय हाय वो एवढं?"

साळूबाईनं तिच्याकडं बघितलं. त्या तोंडावर जे होतं ते तिनं बरोबर ओळखलं. गेले पंधरा दिवस ती स्वतः तेच तोंड घेऊन हिंडत होती.

"थांब," ती म्हणाली. "हात धुते."

तिनं पदर खोचला, बटवा कमरेला लावला अन् लिंबाखाली आली. "कार्डं घेतली का गं? सोनूबाई, तुझं कार्ड तुझ्या पोराकडं ऱ्हायलं असंल, बघ. शिवकन्या, पाणी घे." कार्ड पोराकडंच राहिलं होतं. ते आणवलं. मग तिनं सोनूबाईचा हात धरला अन् निघाली. शिवकन्यासाठी मारुतीच्या पारावर थांबली, कातरलेली सुपारी वाटली. शाळेत पोलीस म्हणाला, "आजी, लाईनीत या." ती म्हणाली, "लाईन उभी ऱ्हाईल बाबा, ह्या न्हाई ऱ्हाणार. बाकडं दे." त्यानं बाकडं दिलं. एकेक बाई आत गेली, एकेक बाहेर आली. सगळ्यांत शेवटी साळूबाई गेली. मशीनची शिट्टी वाजायला जरा उशीर लागला.

बाहेर आल्यावर चतुराबाई कुजबुजली, "आक्का, कोणतं दाबलं?"

"तुला काय करायचंय? दाबलं एक."

परत येताना ऊन चढलं होतं. शिवकन्याला तिच्या दारात सोडलं. चतुराबाई आपल्या फरशीवरून आत गेली. सोनूबाईचं घर गल्लीच्या पार टोकाला. साळूबाईनं तिला उंबरा चढवली, हातात काठी दिली, "माठातलं पाणी पी, लगेच निजू नको," म्हणाली. दार लोटलं गेलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला, तेव्हा ती घराकडं वळली.